जाळलेल्या नावाचं बुकिंग

वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारी मिरचीची फोडणी पडली की ठसका आमच्या घरात लागायचा. त्यामुळे आमच्याकडे काय चालतं हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. बाप कंपनीतून यायचा, चहा प्यायचा, आणि कप खाली ठेवला की त्याला काहीतरी सापडायचंच. साखर कमी पडली, शर्टाचं बटण तुटलं, मी मोठ्याने हसले. मग आधी भांडं भिंतीवर आणि मागोमाग आई भिंतीवर. शेजारचे रेडिओचा आवाज वाढवायचे. माणसं भली होती, दिवाळीला फराळाचं ताट न चुकता पाठवायची. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

आई कळव्याची, खाडीकाठच्या कोळ्यांची मुलगी. बापही त्याच समाजातला, पण त्याला ठाण्यात कंपनीत पर्मनंट नोकरी लागली, कॉलनीत खोली मिळाली आणि मासळीचा वास त्याच्या नाकाला झोंबायला लागला. लग्नात त्याने आईचं नाव बदलून टाकलं. आमच्यात तशी सक्ती नव्हती. पण साहेबलोकांच्या लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो हे त्याने पाहिलेलं, आणि ते त्याला फार भारी वाटलेलं. नवं नाव गुळगुळीत होतं, शाळेतल्या बाईंना शोभेल असं. नावाबरोबर आईची बोलीही गेली. तोंडातून 'मना', 'तुना' निघालं की मुस्काटात बसायची. एक गोष्ट मात्र त्याला बदलता येईना. लहानपणी जत्रेत आईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, तिचं नाव गोंदलेलं होतं. हिरवट, जराशी वाकडी अक्षरं.

मी पहिलीत होते. एका रविवारी मामा कळव्याहून पिशवीभर कोलंबी घेऊन आला आणि त्याने दारातूनच आईला तिच्या जुन्या नावाने हाक मारली. आत बापाच्या कंपनीतले दोन साहेब बसलेले. मामा चहा पिऊन गेला, मग साहेब गेले. बाप स्वयंपाकघरात आला, त्याने स्टोव्हला पंप मारला आणि उलथनं ज्योतीवर धरलं. मला वाटलं, आज हा स्वतः कोलंबी करणार.

"या घरात त्या नावाची बाई राहत नाही," तो म्हणाला. आवाज चढलासुद्धा नव्हता.

त्याने आईला खाली पाडलं, तिच्या छातीवर गुडघा रोवला, हात फरशीवर दाबून धरला आणि तापलेलं उलथनं अक्षरांवर टेकवलं. एकदा टेकवून भागलं नाही. नाव मोठं होतं. मी पाटी घेऊन दारात उभी होते. आई ओरडली नाही, फक्त तिची टाच फरशीवर आपटत राहिली, आणि ती आपटायची थांबली तेव्हा मला वाटलं की आई मेली. शेजारी रेडिओवर नाट्यगीत लागलेलं. अजूनही ते कुठे वाजलं की मी उठून बाहेर जाते.

त्यानंतर आईने कायम मनगटापर्यंतच्या बाह्यांचे ब्लाउज घातले, ठाण्याच्या मे महिन्यातसुद्धा. बायका म्हणायच्या, काय बाई फॅशन.

मोठी झाल्यावर मी ड्रॉइंग टीचरचा डिप्लोमा करायला लागले. चित्रकलेचं वेड होतं असं नाही, लवकर पगार सुरू होईल एवढाच हिशोब. तिथल्या लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक होतं, आणि एका दुपारी त्यातलं एक पान उलटताना माझे हातच थांबले. पलंगावर एक धिप्पाड माणूस आडवा, त्याच्यावर दोन बायका. एकीने सगळं अंग टाकून त्याला दाबून धरलंय. दुसरीने त्याचे केस मुठीत आवळलेत आणि तलवारीने ती त्याची मान कापतेय. अर्धी कापून झालीय. रक्ताच्या चिळकांड्या उडतायत, गादीवरून ओघळ खाली आलेत. आणि दोघींच्या तोंडावर ना भीती, ना घाई. बाह्या वर सारून दोघी कामाला लागलेल्या, गच्चीवर दोन बायका भिजलेली गोधडी पिळतात तशा. खाली लिहिलं होतं की हे एका बाईनेच काढलंय, काही शतकांपूर्वी, आणि मूळ चित्र इटलीत, फ्लॉरेन्सला आहे.

लोक म्हणतात, चित्र पाहून शांत वाटलं. मला तर त्या टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. पुस्तक घरी न्यायला परवानगी नव्हती, आणि असती तरी घरात तो होता. आईला हे दाखवायचं, आणि छापलेलं नाही तर खरंखुरं, तिच्यासमोर उभं केलेलं, हे मी तिथेच ठरवलं.

बाप नव्वदच्या दशकात गेला. झोपेत गेला, अगदी सुखाने. एवढ्या बायाबापड्या तळमळून मरतात आणि हा झोपेत. तेराव्याला आई आल्या-गेल्यांना सांगत होती, "माणूस चांगला होता हो. जरा तापट, एवढंच."

मी हातातलं भाताचं पातेलं जमिनीवर आपटलं. पंगतीतली माणसं दचकली. "जरा?" मी ओरडले. "जरा तापट?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू कार्यात विघ्न मीच आणलं.

मग ती माझ्याकडे ठाकुर्लीला राहायला आली. मी डोंबिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, का ते वेगळं सांगायला नको. दोघी एका खोलीत राहायचो आणि मी तो विषय काढला की आई उठून मोरीत जायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. मला तिच्याकडून फार काही नको होतं. तिने एकदा, फक्त एकदा, तोंडाने म्हणावं की त्याने मला जाळलं. तिला त्या चित्रासमोर उभं केलं तर ते वाक्य बाहेर पडेल अशी माझी खात्री होती. नाही पडलं तर मी ते ओढून काढणार होते.

ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षांचे क्लास घेऊन थोडी पुंजी जमली, तेव्हा मी एका टूर कंपनीत गेले. तिथल्या माणसाने रंगीत पत्रक दिलं. फ्लॉरेन्स होतं, पण पुढे छापलेलं, 'म्युझियम बाहेरून'.

"बाहेरून म्हणजे?"

"मॅडम, आत जायचं तर तासन्‌तास लाइन. ग्रुपला नाय परवडत. बाहेर फोटो मस्त येतो."

मी ते पत्रक त्याच्याच टेबलावर चुरगाळलं. दाराबाहेर फोटो काढून परत यायला मी आईला सात समुद्रापार नेणार नव्हते.

मग फुटपाथवरून प्रवासाचं एक जुनं पुस्तक घेतलं, आधीच्या कुणीतरी खुणा केलेलं. कमी पैशात इटली कशी फिरायची ते त्यात सगळं होतं. नन्स चालवतात त्या मठांत बायकांना स्वस्तात खोली मिळते. कॉफी उभ्याने प्यायची, खुर्चीत बसलात की दर वाढतो. पाव आणि चीज वाण्याकडून घ्यायचं आणि बागेत बसून खायचं. आणि एका पानावर, जाड अक्षरात, मोठ्या म्युझियमचं तिकीट आधी फोन करून ठेवा. वर थोडे पैसे पडतात, पण ठरलेली वेळ मिळते, एक नंबर मिळतो आणि तो वेगळ्या खिडकीवर सांगून थेट आत जाता येतं. सोमवारी सगळं बंद. सकाळची पहिली वेळ सगळ्यात चांगली.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. फ्लॉरेन्सला आम्ही रविवारी संध्याकाळी पोचणार, सोमवारी बंद, मंगळवारी दुपारी रोमची गाडी आणि पाठोपाठ परतीचं विमान. म्हणजे मंगळवारची सकाळ मिळाली तर मिळाली.

परदेशात फोन म्हणजे तेव्हा पिवळ्या बोर्डाचा एसटीडी बूथ. शाळेजवळच्या बूथमध्ये काचेची एवढीशी खोली होती, आत स्टूल, डोक्यावर पळणारे लाल आकडे. इटलीत ऑफिस उघडायच्या सुमाराला इथे भर दुपार असायची. दोनदा लाइन मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी मिळाली तर पलीकडून नुसतं संगीत वाजत राहिलं. मी रिसिव्हर कानाशी घट्ट धरून बसले. बाहेर एक माणूस ताटकळत होता. त्याला दुबईला भावाशी बोलायचं होतं. आधी त्याने काचेवर टकटक केली, मग थापा मारल्या, मग दारच उघडलं.

"ओ बाई, नवऱ्याशी गप्पा घरी मारायच्या. बाकीच्यांना कामं नाहीत का?"

मी हातानेच थांबा म्हटलं. त्याने माझा हात धरला आणि मला ओढलं. डावा हात, मनगटाच्या जरा वर.

पुढचं माझ्या हाताने केलं, मला विचारून नाही. रिसिव्हर त्याच्या नाकावर बसला. तेव्हाचे रिसिव्हर चांगले दणकट असायचे. तो मागे काउंटरवर आदळला, शर्टावर रक्त, बूथवाला धावत आला. "पागल है क्या ये औरत? पोलिस को बुलाव!" दुबईवाला नाक धरून बोंबलत होता, आणि माझ्या हातातल्या त्याच रिसिव्हरमधून एक बाई म्हणत होती, "हॅलो? हॅलो?"

मी दार आतून ओढून धरलं. पायाने रेटून ठेवलं. बाहेर दोघं दार ढकलतायत आणि आत मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगतेय, मंगळवार, सकाळची पहिली वेळ, दोन माणसं. हो, दोन. सगळं मिळालं. मग ती बाई म्हणाली, नाव?

मी आईचं नाव सांगितलं. बापाने ठेवलेलं नाही, जळालेलं. आडनावसुद्धा माहेरचं. मुद्दाम सांगितलं, शुद्धीवर राहून सांगितलं. एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आणि तिने ते सगळं परत म्हणून दाखवलं. उच्चार अगदीच भलता होता, पण नाव पुरं होतं. त्याने पुसलेलं नाव तिकडे परमुलखात कुणीतरी लिहून घेत होतं. मी रडायला लागले. बाहेरच्या माणसाला वाटलं, त्याला घाबरून रडतेय.

नावामुळे काही अडेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ठाण्यात नाटकाचं बुकिंग आम्ही असंच करत आलो होतो. प्लॅन उघडला की मजल्यावरचं एक कुणीतरी जाऊन रांगेत उभं राहायचं, तिकिटं वाटेल त्याच्या नावावर ठेवायचं, आणि खिडकीवर नुसतं 'वर्तकनगरवाल्यांची पाच' म्हटलं की पाकीट हातात पडायचं. नाटकाच्या खिडकीवर कधी कुणी रेशनकार्ड मागितलं नव्हतं.

आईला मी काही सांगितलं नाही. चर्च बघायला जाऊ, एवढंच म्हटलं. ती जवळ्याच्या चटणीचा डबा घेऊन निघाली. मठातल्या एका तरुण ननने खोलीत वास कसला म्हणून खिडक्या उघडल्या, तर आईने तिला पावावर घालून थोडी खायला दिली. पोरीने खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली.

मंगळवारी सकाळी थंडी होती. म्युझियमची साधी लाइन कोपऱ्यावरून वळून नदीपर्यंत गेलेली. आम्ही बुकिंगच्या खिडकीवर गेलो. आत साखळीचा चष्मा लावलेली एक वयस्कर बाई. मी नंबर सांगितला, तिने यादीत बघून मान हलवली. मी नाव सांगितलं, तिने मान हलवली. मग ती म्हणाली, पासपोर्ट.

दोन्ही पासपोर्ट तिने उघडले, यादीशी लावून पाहिले आणि बंद करून माझ्याकडे सरकवले. हे नाव या दोघींपैकी कुणाचंच नाही.

मी सांगितलं की आमच्याकडे लग्नात नाव बदलतात. ती म्हणाली, आडनाव बदलतं, माहीत आहे. पण पहिलं नाव? मी म्हटलं, तेही. ती म्हणाली, मग राहिलं काय? मी म्हटलं, तेच तर! आणि काचेवर मूठ मारली. कोपऱ्यातला गार्ड आमच्याकडे यायला लागला. मागच्या लोकांनी कुरकुर सुरू केली. दुपारची गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. एवढं सगळं करून आम्ही म्युझियम बाहेरून बघून परत जाणार होतो.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

रागाच्या भरात मी सरळ सांगून टाकलं. "म्हणतेय की या नावाची बाई तू नाहीस."

"कुठल्या नावाची?"

मी ते नाव म्हटलं. माझ्या तोंडून आईसमोर ते आयुष्यात पहिल्यांदा निघालं. आईने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग तिने स्वेटर ओरबाडून काढला, डाव्या बाहीचं बटण तोडलं, बाही कोपराच्या वर सारली आणि उघडा हात काउंटरवर दाणकन आपटला.

"नाव माजा हाय!" ती ओरडली. एवढ्या वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. भर बाजारात गिऱ्हाईकाला झापणाऱ्या कोळणीचा आवाज. "माज्या आयनं ठेवलेला! इथंच व्हता, बघ! त्यानी जाळला! उलथना तापवून जाळला माजा नाव, आनि तू मना सांगतंस मी ती नाय?"

गार्डने मागून तिच्या खांद्याला हात घातला. आईने वळून दोन्ही हातांनी त्याला असा ढकलला की तो दोरीच्या खांबासकट खाली बसला. रांगेत कुणीतरी किंचाळलं. आईचा हात पुन्हा काउंटरवर आला. ती जागा मी लहानपणानंतर पहिल्यांदाच उजेडात पाहत होते. कातडी ओढलेली, चकचकीत, आणि तिच्या एका कडेला जळायचं राहून गेलेलं हिरवं टोक.

मला हवं होतं ते वाक्य तिने बोलून टाकलं होतं. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या बाईला सांगून टाकलं होतं.

त्या बाईला काय कळलं देव जाणे. तिने त्या हाताकडे पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग पैसे घेतले आणि दोन तिकिटं काचेखालून सरकवली. मागची लाइन बोंबलत होती, म्हणूनही असेल. गार्ड कपडे झटकत काहीतरी बडबडत होता, त्याला तिने दोन शब्दांत गप्प केलं.

जिने चढताना आई धापा टाकत होती. बाही तिने खाली केली नव्हती. मोठमोठ्या खोल्या गेल्या, देवीदेवता गेल्या, सोन्याच्या फ्रेमा गेल्या. तिने कशाकडेच पाहिलं नाही. कितीतरी खोल्या मागे टाकल्यावर ते चित्र आलं.

पुस्तकातल्या पानावर ते वहीएवढं होतं. इथे ती माणसं आमच्याएवढी होती. रक्त आमच्या अंगावर उडेल इतकं जवळ होतं. मी आईच्या बाजूला उभी राहिले. वाक्य तर खाली खिडकीवरच निघून गेलं होतं, त्यामुळे आता मी कशाची वाट बघतेय हे मलाच कळत नव्हतं. आई रडेल असं वाटलं, किंवा तोंड फिरवेल. तिने तसलं काही केलं नाही. ती पुढे झाली आणि बारकाईने बघायला लागली. तलवार कशी धरलीय, गुडघा कुठे टेकलाय, त्या माणसाचा हात कुठे अडकवलाय. भाव ठरवण्याआधी टोपलीतला माल बघावा तसं.

"ही कोन?" तिने त्याला दाबून धरणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं.

"तिची मोलकरीण. सोबतीण म्हण."

आई मान हलवत राहिली. "दोघी हायेत," ती म्हणाली. "म्हनून जमला."

मी तिच्याकडे वळले. ती चित्राकडेच बघत होती.

"माहेरची कोयती व्हती माज्या पेटीत. मासली कापायची. त्यानी हात जाळला, मंग पोटभर जेवला नि निजला. मी कोयती काढली. त्याच्या उशाशी जाऊन बसलू." तिने जळक्या हातावरून दुसरा हात फिरवला. "एक हात तर असा झालेला. एकटीनं दाबू कं कापू?"

एक गाइड दहा-बारा माणसांना घेऊन आमच्या मागे येऊन उभा राहिला. तो सांगत होता, सगळी माना डोलावत होती.

"तू तवा पयलीत होतीस," आई म्हणाली.

मग तिने माझा हात हातात घेतला, मनगट फिरवलं आणि अंगठ्याने दंड दाबून बघितला, ताजं आहे का बघायला पापलेट दाबतात तसा.

"आताएवढी असतीस त जमला असता," ती म्हणाली, आणि बाही खाली ओढत पुढच्या खोलीकडे निघाली.